सल्ला हवा: केंद्रांना पाठवलेल्या एक्सेल फॉर्मची मोडतोड कशी थांबवायची?

हिशेबाची_वही:
नमस्कार. मी तालुक्याच्या एका दूध संस्थेत हिशेब बघते. आमची २६ संकलन केंद्रं आहेत. दर दहा दिवसांच्या बिलासाठी प्रत्येक केंद्राला एक एक्सेल फाइल जाते. त्यात त्यांनी तारीख, सकाळ/संध्याकाळ, उत्पादकाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) एवढंच भरायचं. दरपत्रक दुसऱ्या शीटवर आहे, दर आणि रक्कम फाइलच काढते.
परत येते तेव्हा कोणी रकमेवर स्वतःचा आकडा टाइप केलेला असतो, कोणी दरपत्रकाची शीटच उडवलेली असते, कोणी मध्येच 'शेरा' असा रकाना घातलेला असतो. मागच्या बिलाला एका ठिकाणी गायीचा फॅट ३.८ ऐवजी ३८ पडला आणि फाइलने त्याला दरपत्रकातला सगळ्यात वरचा दर लावला. सापडला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सकाळी पैसे खात्यात जायचे होते.
ऑफिसात एक्सेल २०१३ आहे. खर्चाला मंजुरी नाही, एक रुपयाही नाही. काय करू?

बैठी_नोकरी:
रिव्ह्यूमध्ये जाऊन प्रोटेक्ट शीट करा, पासवर्ड टाका. पाच वर्षं करतोय, आमच्या फाइलला कोणी हात लावलेला नाही.

नवा_काउंटर:
ताई, एक्सेलचा नाद सोडा. आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर बसवलं. फॅट मशीन आणि वजनकाटा थेट जोडलेले, हाताने आकडा टाइप करायचाच नाही. एका केंद्राला ४५ हजारांच्या आसपास गेले, पण रात्रीची झोप मिळाली. संचालक मंडळापुढे विषय ठेवा.

हिशेबाची_वही:
दादा, २६ केंद्रं आहेत. मंजुरी नाही असं वर लिहिलंय.

रकाना_क:
@बैठी_नोकरी, नुसतं प्रोटेक्ट केलं तर केंद्राला काहीच भरता येणार नाही. एक्सेलमध्ये प्रत्येक घर मुळातच 'लॉक्ड' असतं, फक्त ते कुलूप शीट प्रोटेक्ट केल्यावर लागतं. म्हणून आधी भरायची घरं निवडा, कंट्रोल+१ दाबा, प्रोटेक्शन टॅबमध्ये 'लॉक्ड'ची खूण काढा. मग प्रोटेक्ट शीट. तिथे 'सिलेक्ट लॉक्ड सेल्स'ची खूणही काढा. कर्सर बंद घरांवर जाणारच नाही, टॅब दाबला की पुढच्या भरायच्या घरात उडी. केंद्रावरच्या माणसाला हे फार सोयीचं पडतं.
शीट उडवू नये म्हणून प्रोटेक्ट वर्कबुक वेगळं करावं लागतं. ते केलं की शीट पुसणं, नाव बदलणं, नवीन घालणं तिन्ही बंद.
३८ साठी डेटा व्हॅलिडेशन. गायीला ३ ते ५.५ अशी मर्यादा घाला, बाहेरचा आकडा टाइप केला की फाइल घेणार नाही.

बैठी_नोकरी:
मीही तेच म्हटलं होतं. प्रोटेक्ट शीट.

जुना_लेखापाल:
पासवर्डपासून सांभाळून. आमच्या आधीच्या कार्यालयात एकाने फाइल उघडायलाच पासवर्ड लावला आणि त्याची बदली झाली. त्यालाही आठवेना. तीन वर्षांची येणी-बाकी त्यात होती, आम्ही पावत्यांवरून परत लिहून काढली. चार महिने गेले. मी अजून कुठल्याही फाइलला पासवर्ड लावत नाही.

खिडकी_क्र_४:
ते दोन पासवर्ड वेगळे आहेत. फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे खरं एन्क्रिप्शन, तो विसरला की मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही. शीटचा पासवर्ड नुसता अडसर. एक्सएलएसएक्स फाइल आतून झिप असते, ती उघडून शीटच्या मजकुरातला प्रोटेक्शनचा टॅग पुसला की कुलूप गेलं.

बैठी_नोकरी:
मग लावायचं कशाला? आणि हे असं उघड लिहू नये.

खिडकी_क्र_४:
लपवून काय होणार? चुकून होणारा बदल थांबतो, मुद्दाम केलेला थांबत नाही, एवढं कळलं की माणूस कुलपाच्या भरवशावर बिल सोडत नाही. ताईंना चुकून होणारेच बदल त्रास देतायत, तेव्हा लावाच.

ढगातला_हिशेब:
गूगल शीट वापरा, फुकट आहे. डेटा मेनूत जाऊन पूर्ण शीट प्रोटेक्ट करायची आणि भरायचे रकाने तेवढे वगळायचे. कोणी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं.

डोंगरकपारी:
आमच्याकडे संध्याकाळच्या दुधाच्या वेळी रेंज नसते. शिवाय एका केंद्रावर तिघं मिळून एकच जीमेल वापरतात, मग हिस्टरीत नाव कोणाचं बघणार?

नवा_काउंटर:
सॉफ्टवेअर ऑफलाइनही चालतं, नेट आलं की पाठवतं. पुन्हा सांगतो, विचार करा.

हिशेबाची_वही:
@रकाना_क, मनापासून आभार. तुमच्यासारखं करून पाच केंद्रांना फाइल दिली. तीन ठिकाणी उत्तम. दोन केंद्रांची स्वतःची एक्सेल वही आहे, ते तिथून कॉपी करून माझ्या फॉर्मात पेस्ट करतात. एकदा पेस्ट केल्यावर तीच घरं त्यांना दुरुस्त करता येईनात. एकाचा सकाळी सातला फोन. आणि व्हॅलिडेशन असूनही एसएनएफ ८५ आत शिरला.

रकाना_क:
हो, हे मी सांगायला हवं होतं. पेस्ट करताना मूळ घराचं 'लॉक्ड'सुद्धा सोबत येतं आणि तुमचं व्हॅलिडेशन पुसलं जातं. पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज एवढंच पेस्ट केलं तर तुमचं लॉक-अनलॉक आणि व्हॅलिडेशनचा नियम दोन्ही टिकतात, पण आकडा तरी तपासला जात नाहीच. व्हॅलिडेशन फक्त टाइप करताना पहारा देतं.
आणखी एक, कट करू देऊ नका. लॉक नसलेलं घर कट करून दुसऱ्या घरावर टाकलं की बंद घरातले फॉर्म्युलेही बिघडतात, #रेफ (संदर्भ तुटल्याची खूण) दिसायला लागतं. शीट प्रोटेक्ट असली तरी.

जुना_लेखापाल:
म्हणून म्हणतो, छापील फॉर्म द्या आणि ऑफिसात एकाने भरा.

ढगातला_हिशेब:
गूगल शीटमध्ये एवढं होत नाही.

रकाना_क:
पेस्टने व्हॅलिडेशन जाणं तिथेही होतं.

हिशेबाची_वही:
चार दिवस विचार केला. सगळ्यांचं वाचूनही मी वेगळंच ठरवलंय. केंद्राच्या फाइलमध्ये फॉर्म्युला ठेवायचाच नाही. दरपत्रकही नाही. सहा रकाने, वर मथळे, मथळ्यांना कुलूप, बस. मोडायला तिथे काही उरत नाही.
दर आणि रक्कम माझ्या फाइलमध्ये, जी ऑफिसाबाहेर जाणार नाही. आलेले आकडे तिथे व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करायचे आणि डेटा व्हॅलिडेशनच्या खालचं 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' दाबायचं. पेस्ट होऊन आलेल्या चुकीच्या आकड्यांभोवतीही लाल गोल येतो. काल एका केंद्राचं करून पाहिलं, फॅट ४२ आणि '३.७.' असे दोन लगेच सापडले. गोल दिसला की केंद्राला फोन, मगच रक्कम काढायची.

रकाना_क:
२६ वेळा पेस्ट, महिन्यातून तीनदा. फार काम ओढवून घेताय. शिवाय केंद्रचालकाला रक्कम दिसली नाही तर उत्पादक त्याच्याशी भांडतील. मी तरी फॉर्म्युले फाइलमध्येच ठेवले असते.

हिशेबाची_वही:
रक्कम त्यांना बिलाच्या आदल्या दिवशी पीडीएफमध्ये पाठवणार आहे. पेस्टला एका केंद्रामागे दोन मिनिटं लागली. आत्तापर्यंत पुसलेले फॉर्म्युले शोधण्यात अख्खी दुपार जायची, आणि उत्पादकाच्या बिलात चूक गेली तर ते पैसे परत मागायला तोंड होत नाही.

डोंगरकपारी:
तो सहा रकान्यांचा कोरा नमुना इथे टाकाल का? आमच्या पतसंस्थेत पिग्मी एजंटांच्या फाइलींचा हाच ताप आहे.

हिशेबाची_वही:
टाकते. तुम्ही कोडचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर ००७ चा ७ होतो.