'हूडू मॅन ब्लूज'मधली ती थरथरणारी गिटार

ज्युनियर वेल्सच्या 'हूडू मॅन ब्लूज' या ब्लूज अल्बममधला हा आवाज गिटारवादक बडी गायने पेडल (पायाने चालवायचं, गिटारचा आवाज बदलणारं यंत्र) लावून काढला असणार, असं कोणी म्हणेल. नाही. सप्टेंबर १९६५मध्ये शिकागोत या अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना त्याचा अँप्लिफायर बिघडला. दुरुस्ती होईपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून गिटार थेट हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला जोडली. त्या लाकडी खोक्यात भोंगा गरगर फिरतो आणि सूर पाण्यावरून आल्यासारखा हलतो. काही गाण्यांत ऐकू येते ती हीच करामत. हेडफोन लावून पुन्हा ऐका, ज्युनियर वेल्सच्या हार्मोनिकाभोवती गिटार अक्षरशः घिरट्या घालते!

'शिकागो ब्लूज म्हणजे सिंगल्सचाच (एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्ड्सचा) काळ' असंही म्हणतात, ते मात्र बरंचसं पटतं. म्हणूनच डेलमार्क या रेकॉर्ड कंपनीच्या बॉब केस्टरचं मोल मोठं. त्याने वेल्सला तीन मिनिटांच्या मर्यादेत बांधलं नाही. गायक, गिटार, जॅक मायर्सचा बास, बिली वॉरनचे ड्रम्स, बस्स, चौघंच. क्लबमध्ये रात्री वाजवतात तसं वाजवू दिलं. रिकाम्या जागा तशाच राहिल्या, आणि माझ्या मते सगळी धग त्या जागांतच आहे. पुढे कितीतरी ब्लूज-रॉक बँडांनी आवाज वाढवत नेला, पण ही मोकळीक फार थोड्यांना साधली.

आणि हो, जुनी प्रत कोणाकडे असेल तर श्रेयनामावली बघा. बडी गाय चेस या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या करारात अडकलेला असेल या समजुतीने त्याचं नाव तिथे 'फ्रेंडली चॅप' असं छापलंय.