विषय: पुन्हा एकदा, सिंगलस्पीडची फ्रेम आणि चेनचा ताण

सस्नेह नमस्कार,

सिंगलस्पीड, म्हणजे एकाच गिअरच्या, सायकलीसाठी पाहिलेल्या दोन्ही फ्रेम सीताबर्डीच्या दुकानदाराने शनिवारपर्यंतच राखून ठेवल्यामुळे हा विषय पुन्हा काढते. हलकी फ्रेम गिअरच्या सायकलीची असून मागच्या चाकाचा एक्सल (आस) बसण्याच्या तिच्या खाचा उभ्या आहेत, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येणार नाही. दुसरी जुन्या काळ्या सायकलीच्या घडणीची, जड, पण मागे उघडणाऱ्या लांब आडव्या खाचांची आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दाते हे ठरलेच आहे. सेमिनरी हिल्स वगळता माझ्या वाटेवर चढ नाही. हलकी घेतली तर चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर लागेल. तो नागपूरला येणाऱ्या भाऊंच्या बॅगेतून मिळू शकेल का?

— धरमपेठकर ताई

ताई,

नागपूरला जाणाऱ्या बॅगांतील जागेचे वाटप माझ्याकडे असल्याचे गणपतीच्या सभेतच ठरले होते, तेव्हा ही विनंती भाऊंकडे परस्पर जाऊ नये. टेन्शनर छोटा असल्याने अडचण नाही, परंतु तो तुम्हाला लागेलच असे नाही. जुना डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) त्याची हालचाल रोखणाऱ्या मर्यादेच्या स्क्रूंनी एकाच रेषेत अडकवून ठेवला, तर तोही चेनचा झोल ओढून धरतो. माझी सायकल अशीच चालते.

— कोषाध्यक्ष

कोषाध्यक्षांचा उपाय फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबवले तरी चाक फिरू देणारे चक्र, असेपर्यंतच योग्य आहे. पुढेमागे फिक्स्ड हब (ज्यात चाकाबरोबर पेडलही फिरतच राहते) किंवा उलट पेडल मारून लागणारा ब्रेक बसवायचे ठरले, तर उलट जोर चेनच्या खालच्या फेऱ्यावर येऊन टेन्शनरची भुजा वाकेल किंवा मोडेल. आडव्या खाचांत ही भीतीच नाही. चेनच्या कड्यांचे एक जोडपे १ इंचाचे असते आणि लांबीतला फरक वरच्या व खालच्या अशा दोन फेऱ्यांत वाटला जात असल्याने ते काढल्यास एक्सल सुमारे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, सरकावा लागतो. खाच याहून लांब असली, तर दात्यांची कोणतीही जोडी जमवता येते, चेन झिजून लांबल्यावरही. एरवी वजनाबद्दल मी स्वतःच कटकट करतो, पण सपाट वर्धा रोडवर ते फारसे जाणवणार नाही.

— ग्रंथालयवाले काका

काका, अर्ध्या कडीचा, म्हणजे जोडप्याऐवजी एकटी जोडता येणाऱ्या कडीचा, विचार राहिला. ती जोडल्यास हेच अंतर निम्मे होते, आणि उभ्या खाचांतही नशिबाने चेन नेमकी बसू शकते.

— एक सभासद

नेमकी बसली तरी चेन झिजू लागताच ती सैल पडेल आणि मग टेन्शनरच शोधावा लागेल. शिवाय हलकी फ्रेम घ्यायची झाल्यास मागच्या दोन खाचांमधले अंतर १३० मिलिमीटर आहे की १३५, हे ताईंनी आधी मोजावे, कारण त्यानुसार हब (चाकाचा मधला भाग) बदलतो.

— ग्रंथालयवाले काका

काळी फ्रेम घेते. मात्र चाक मागे सरकल्यावर ब्रेकचे रबर रिमवर पुन्हा जुळवावे लागतील, आणि मडगार्ड असल्यास मागे उघडणाऱ्या खाचांतून चाक काढणे जिकिरीचे होईल, हे दुकानदाराने आधीच बजावले आहे. एक्सलवरचे चेन अ‍ॅडजस्टर इथेच मिळतात. क्रँक पूर्ण फिरवून, चेन सर्वांत घट्ट होते त्या जागी वरखाली सुमारे १ सेंटिमीटर ढील ठेवायची, हे बरोबर ना, काका? चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) क्वचितच अगदी गोल असते, असे तुम्हीच म्हणाला होता.

— ताई

बरोबर. तेवढी ढील राहू द्या; ताठ चेन बेअरिंग खाते.

— काका

मग बॅगेतील जागा मोकळी झाली, असे मी नोंदवतो. भाऊंनी त्यात परस्पर काही ठेवू नये.

— कोषाध्यक्ष