सीएफओ सोडून गेले, शेअरही पडला, मग ईसॉपचा खर्च उलटवायचा का?

नऊ_बत्तीसची_फास्ट
नमस्कार मंडळी. लोअर परळला एका लिस्टेड कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, कंपनी छोटीच आहे, नाव सांगत नाही. तर झालंय असं की आमच्या सीएफओ साहेबांना १ एप्रिल २०२३ ला ४०,००० ऑप्शन (ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) दिले होते, एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर घेताना भरायची किंमत, २५०, त्या दिवशी बाजारभाव पण २५०च. दरवर्षी १०,००० व्हेस्ट होणार, म्हणजे नोकरीत टिकले तर तेवढ्यांचा हक्क पक्का होणार, असे चार वर्षं. व्हॅल्युअरने ब्लॅक-शोल्सने (ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र) चार हप्त्यांची फेअर व्हॅल्यू काढून दिली ६०, ८०, ९६ आणि ११०, म्हणजे एकूण ३४ लाख ६० हजार. आता साहेब सप्टेंबर २०२५ मध्ये सोडून गेले आणि शेअर आलाय १८० वर. २५० देऊन १८० चा शेअर कोण घेणार, त्यामुळे व्हेस्ट झालेले २०,००० पण ते घेणार नाहीत हे उघड आहे. आमचे एमडी म्हणतात त्या माणसाला एक दमडी मिळाली नाही, आपल्या खिशातून एक दमडी गेली नाही, मग आजपर्यंत टाकलेला सगळा खर्च परत घ्या, तेवढाच क्वार्टर बरा दिसेल. ऑडिटर मान डोलवत नाहीयेत. बोर्ड मीटिंग जवळ आलीय आणि मी दोघांच्या मधे. बरोबर कोण?

जमाखर्च_काका
ऑडिटर. पण अर्धे एमडीपण बरोबर आहेत, ते कसं ते सांगतो.

तू दोन गोष्टी एकत्र करतोयस. माणूस सोडून जाणं वेगळं आणि शेअर पडणं वेगळं. इंड-एएस १०२ मध्ये (आपलं ईसॉपच्या हिशोबाचं मानक) कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनची किंमत ग्रँटच्या, म्हणजे ऑप्शन दिल्याच्या, दिवशी एकदा ठरली की ठरली, नंतर शेअर १८० होवो नाहीतर ८०० होवो, खर्च हलत नाही. कारण आपण खर्च टाकतोय तो त्याने दिलेल्या कामाचा, शेअरच्या भावाचा नाही. पण व्हेस्ट व्हायच्या आधीच नोकरी सोडली तर त्या हप्त्याचं काम त्याने पूर्ण दिलंच नाही, म्हणून तेवढा हप्ता मागे घ्यायचा.

पहिले दोन हप्ते १ एप्रिल २०२४ आणि १ एप्रिल २०२५ ला व्हेस्ट झाले. ६ लाख अधिक ८ लाख, म्हणजे १४ लाख. ते राहणार. तिसरा-चौथा व्हेस्ट झाला नाही, त्यांचं जे काय बुक केलं असेल ते सगळं उलटव. व्हेस्ट झालेले त्याने मुदतीत घेतले नाहीत तर लॅप्स (रद्द) होतील, तेव्हा १४ लाख शेअर ऑप्शन आउटस्टँडिंग खात्यातून जनरल रिझर्व्हला ने. इक्विटीतल्या इक्विटीत. पी अँड एलला (नफा-तोटा पत्रकाला) हात लावायचा नाही.

बेस्ट_लिमिटेड_बस
काका रागावू नका पण एमडींचा मुद्दा मला आजपर्यंत कुणी पटवून दिला नाहीये. बँकेतून पैसे जात नाहीत, देणं उभं राहत नाही, नवीन शेअर छापून द्यायचा, भोगतो तो जुना शेअरहोल्डर. मग कंपनीचा खर्च कुठून आला? नुसती कागदी करामत.

जमाखर्च_काका
रागावतो कशाला, या प्रश्नावर अमेरिकेत दहा-बारा वर्षं मारामारी चालली होती. तिकडे १९७२ पासूनचा नियम असा की ग्रँटच्या दिवशी बाजारभाव आणि एक्सरसाइज प्राइस सारखी असेल तर खर्च शून्य. साहजिकच सगळे बरोबर बाजारभावालाच ऑप्शन द्यायचे. १९९३ मध्ये एफएएसबीने (हिशोबाचे नियम ठरवणारी तिकडची संस्था) खर्च दाखवायला लावायचा मसुदा काढला तर टेक कंपन्या पेटल्या, १९९४ मध्ये सिनेटने विरोधात ठराव केला, आणि १९९५ ला जे आलं त्यात खर्च दाखवणं ऐच्छिक, नाहीतर नुसती खाली टीप द्या. मग एन्रॉन कंपनीचा हिशोबाचा घोटाळा झाला, वातावरण फिरलं, २००२ मध्ये कोका-कोलासारख्यांनी आपणहून खर्च दाखवायला सुरुवात केली आणि २००४ च्या डिसेंबरात सक्ती आली. आंतरराष्ट्रीय मानक आयएफआरएस २ पण २००४ चंच, आपलं १०२ त्याचंच भावंड.

आता तुझा प्रश्न. समज कांजूरमार्गला तुझा फ्लॅट आहे, आजचा भाव दीड कोटी. मी म्हणतो, चार वर्षांनी मला वाटलं तर आजच्याच दीड कोटीला घेईन, नाही वाटलं तर नाही घेणार. हे लिहून देशील फुकट? नाही ना देणार. टोकन मागशील. आता मी म्हटलं टोकन नाही देत, त्याबदल्यात चार वर्षं तुझ्या दुकानाचा हिशोब लिहितो. झाला की नाही तुझा खर्च? रोख नाही गेली म्हणून काय झालं. आणि पुढे फ्लॅटचा भाव पडला आणि मी घेतला नाही, तरी हिशोब तर मी लिहिलाच ना.

बेस्ट_लिमिटेड_बस
फ्लॅटचं पटलं थोडंफार. थोडंफारच.

गिरगाव_डेबिट_क्रेडिट
मूळ प्रश्नकर्त्याला एक विचारायचंय, तुम्ही दरवर्षी किती बुक केलंत? मी आर्टिकलशिपला (सीएच्या ट्रेनिंगला) असताना हाच घोळ बघितला होता म्हणून विचारते.

नऊ_बत्तीसची_फास्ट
८ लाख ६५ हजार. ३४.६० भागिले ४. माझ्या आधी जो होता त्याची एक्सेल शीट आहे, पिवळ्या सेलमध्ये "बदलू नये" असं लिहिलंय म्हणून मी बदललं नाही 😅

गिरगाव_डेबिट_क्रेडिट
वाटलंच होतं. बदलायला हवं होतं 😬 सरळ चार भाग करणं अमेरिकेत चालतं, तिथे नुसती नोकरीची अट असेल तर कंपनीला तसा पर्याय आहे. आपल्याकडे इंड-एएसमध्ये नाही चालत. प्रत्येक हप्ता म्हणजे वेगळी ग्रँट धरायची. पहिला हप्ता एका वर्षात पूर्ण, दुसरा दोन वर्षांत, तिसरा तीन, चौथा चार. म्हणजे पहिल्या वर्षी ६ + ४ + ३.२० + २.७५ = १५.९५ लाख, दुसऱ्या वर्षी ९.९५, तिसऱ्या ५.९५, चौथ्या २.७५. बेरीज तीच ३४.६०, पण जास्त भार सुरुवातीच्या वर्षांवर येतो.

मार्च २०२५ पर्यंत हवे होते २५.९० लाख, तुमच्याकडे पडलेत १७.३०, म्हणजे ८ लाख ६० हजार कमी. ही मागच्या वर्षांची चूक आहे, मटेरियल, म्हणजे दखल घेण्याइतकी मोठी, ठरली तर इंड-एएस ८ खाली जुने आकडे बदलून दाखवावे लागतील. ते ऑडिटर ठरवतील, तुम्ही आधी स्वतःहून सांगा, त्यांनी पकडण्यापेक्षा बरं.

जमाखर्च_काका
शाब्बास पोरी. माझ्या डोक्यातच आलं नाही विचारायचं.

नऊ-बत्तीस, शेवटी शेअर ऑप्शन आउटस्टँडिंग खात्यात १४ लाख उरले पाहिजेत, ही खूणगाठ बांध. जून क्वार्टरचे २,१६,२५० पण टाकले असशील, म्हणजे एकूण १९,४६,२५०. चूक मटेरियल नाही असं ऑडिटर म्हणाले तर उलटायचे फक्त ५,४६,२५०. एमडींना वाटतंय साडेएकोणीस, मिळणार साडेपाच. आणि चूक दुरुस्त करून दाखवायची ठरली, जून क्वार्टरसकट, तर उलट एन्ट्री १३,३८,७५० ची दिसेल, पण मग त्यातले वाढलेले ७,९२,५०० आधीच्या नफ्यातून जातील, हातात काही नवीन येत नाही.

बेस्ट_लिमिटेड_बस
आणि टॅक्सचं काय? त्या सीएफओला पर्क्विझिट (पगारासोबतचा लाभ) म्हणून टॅक्स लागणार ना, १४ लाखांवर?

गिरगाव_डेबिट_क्रेडिट
नाही हो, हे दोन वेगळे रस्ते आहेत. कर्मचाऱ्याला टॅक्स एक्सरसाइज केल्यावर, त्या दिवशीचा बाजारभाव वजा त्याने भरलेली किंमत यावर, सॅलरी म्हणून. त्याने घेतलेच नाहीत तर टॅक्स शून्य. ब्लॅक-शोल्सचा आकडा त्याच्या फॉर्म १६ च्या आसपास पण येत नाही. कंपनीच्या बाजूने ईसॉप डिस्काउंटची वजावट मिळते, बायोकॉनच्या केसमध्ये कर्नाटक हायकोर्टाने २०२० मध्ये तसं मान्य केलंय, पण ती बाजारभावापेक्षा स्वस्त दिलेल्या ऑप्शनची गोष्ट. यांनी २५० च्या शेअरला २५० च ठेवले, डिस्काउंट कुठे आहे?

नऊ_बत्तीसची_फास्ट
आज सकाळी एमडींना आकडे दाखवले. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले बाकीच्या लोकांचे ऑप्शन पण २५० चेच आहेत, ते १८० ला रीप्राइस करून टाकू, निदान माणसं तरी टिकतील. ते चालतं का?

जमाखर्च_काका
भाव पडून ऑप्शन निरुपयोगी झाले असतील तर सेबी परवानगी देते, पण शेअरहोल्डरचं स्पेशल रिझोल्यूशन (विशेष ठराव) लागेल. आणि एमडींना आधीच सांगून ठेव, जुना खर्च तसाच चालू राहणार, वर रीप्राइसमुळे वाढलेली फेअर व्हॅल्यू जास्तीचा खर्च म्हणून येणार. नवीन शीट बनव. तो पिवळा सेल काढून टाक.