पॉइंट चार, पण ती कोर्टवर असली की आपण पुढे: हे मोजायचं कसं?

वहीवाली काकू, इंदूर

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं मी इथे रामबागेजवळच्या एका कोर्टवर मुलींच्या बास्केटबॉलचा स्कोअर लिहिते. स्वतः कधी खेळले नाही. भाचीला सोडायला जायचे, एकदा लिहायला कुणी नव्हतं म्हणून पेन हातात घेतलं, ते आजवर सुटलेलं नाही.

आमच्यात एक मुलगी आहे, जर्सी नंबर ९. सामन्यात चार पॉइंट, कधी दोन, कधी भोपळा. गेल्या महिन्यात निवड होती. निवडणाऱ्यांनी माझ्याकडून पॉइंटांची बेरीज मागितली, वरून खाली नजर फिरवली आणि ९ नंबर गळली. कागद माझ्याच हातचा होता, म्हणून जास्त लागलं. कारण ती बेंचवर बसली की समोरच्यांचे ले-अप, म्हणजे रिंगच्या अगदी जवळून केलेले सोपे बास्केट, सुरू होतात, हे मी रोज बघते.

घरी येऊन मागच्या सात सामन्यांच्या शीट काढल्या. कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, हे मी समासात लिहून ठेवते. सात सामने, प्रत्येकी ४० मिनिटं, एकूण २८० मिनिटं. सगळे मिळून आपण १८ पॉइंटांनी पुढे. त्यात ९ नंबर कोर्टवर असतानाच्या १५० मिनिटांत ३१ ने पुढे, आणि ती बाहेर असतानाच्या १३० मिनिटांत १३ ने मागे!

कोचसरांना दाखवलं. ते म्हणाले, "काकू, ती ७ नंबरबरोबर खेळते म्हणून तसं दिसतं." ७ नंबर म्हणजे आमची सगळ्यात जास्त बास्केट करणारी. त्यांचं म्हणणं खोडता येत नाही आणि मान्यही करवत नाही. दोघींचा वाटा वेगळा काढायची काही रीत आहे का? मला सरासरी, टक्केवारी, चक्रवाढ येतं. त्यापुढचं शिकायची तयारी आहे.

खडूफळा

काकू, समासात वेळ लिहिलीत तिथेच निम्मं काम झालं. तुम्ही जे काढलंत त्याला प्लस-मायनस म्हणतात, आइस हॉकीतून आलेला हिशेब. त्याची खोट तुमच्या कोचसरांनी बरोबर पकडली: तो आकडा खेळाडूचा असतो तितकाच तिच्या सोबतच्या चौघींचा आणि समोरच्या पाच जणींचाही असतो.

आधी एवढं करा. २८० मिनिटांचे चार ढीग पाडा: दोघी आत, फक्त ७ आत, फक्त ९ आत, दोघी बाहेर. प्रत्येक ढिगाची मिनिटं आणि फरक इथे लिहा.

वहीवाली काकू

रात्री बसून केलं. दोघी आत: १२० मिनिटं, ३२ ने पुढे. फक्त ७: ७० मिनिटं, १२ ने पुढे. फक्त ९: ३० मिनिटं, १ ने मागे. दोघी बाहेर: ६० मिनिटं, २५ ने मागे. बेरीज १८ येते, दोनदा तपासली.

खडूफळा

छान. आता सगळं ४० मिनिटांवर आणू. दोघी आत १०.७, फक्त ७ असताना ६.९. म्हणजे ७ नंबर खेळत असताना ९ आल्यामुळे ३.८ ची भर. ७ बाहेर असताना पाहा: ९ सकट उणे १.३, ९ विना उणे १६.७. इथे भर सुमारे १५ ची!

या १५ वर मात्र उडी मारू नका. तो आकडा जेमतेम ३० मिनिटांवर उभा आहे. त्या ३० मिनिटांत तुमचे तीन-तीन पॉइंटांचे दोन शॉट रिंगला लागून बाहेर आले असते तर उणे १ चे उणे ७ झाले असते आणि १५ ची भर ७ वर आली असती. दोन चेंडूंवर ज्याचं अर्धं घर कोसळतं, त्या आकड्यावर मुलीचं भवितव्य ठरवू नये, तिच्या बाजूनेही नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच करायची रीत अशी. खेळाडूंच्या दोन अदलाबदलींमधल्या तुकड्याला एक ओळ द्यायची. प्रत्येक खेळाडूला एक रकाना: आपल्याकडून कोर्टवर असेल तर १, समोरून असेल तर उणे १, बेंचवर असेल तर ०. शेवटी त्या तुकड्यातला पॉइंटांचा फरक. मग सगळ्या ओळींना एकदम जास्तीत जास्त जुळेल असा प्रत्येकीचा वाटा शोधायचा. हे रिग्रेशन. वेन विन्स्टन आणि जेफ सॅगरिन या आकडेतज्ज्ञांनी असा हिशेब एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघासाठी केला आणि २००४ मध्ये डॅन रोझेनबॉम यांनी आपली पद्धत सगळ्यांसमोर मांडली.

अडचण तुमचीच आहे, फक्त मोठी. ज्या दोघी कायम एकत्र खेळतात त्यांना गणित वेगळं करू शकत नाही. ते एकीला भरमसाट चढवतं आणि दुसरीला तेवढंच उतरवतं, बेरीज मात्र जुळते. एनबीएत एका हंगामात १२३० साखळी सामने होतात, तरी एका हंगामाचे आकडे वेडेवाकडे यायचे. त्यावर २०१० मध्ये जो सिल यांनी रिज रिग्रेशन लावून दाखवलं. बँकेच्या भाषेत सांगतो: प्रत्येकीच्या खात्यात आधीच काही मिनिटं 'शून्य प्रभावाची' जमा धरायची. समजा ६० मिनिटं धरली. मग ३० मिनिटांत दिसलेले १५ हे ९० मिनिटांत वाटले जातात आणि ५ उरतात. हजार मिनिटं खेळलेलीला या ६० मिनिटांनी फारसा धक्का लागत नाही. खरं सूत्र याहून गुंतागुंतीचं आहे, पण जात हीच. शून्याची मिनिटं किती धरायची तेही मनाने ठरवत नाहीत. काही सामने झाकून ठेवायचे आणि किती धरल्यावर त्यांचा अंदाज सगळ्यात जवळ येतो ते पाहायचं.

पण तुमच्या हातात एनबीएवाल्यांकडे नसलेली गोष्ट आहे. तुमच्या कोचसरांना सरावात हवे ते पाच खेळवता येतात. जे आकडेमोडीने सुटत नाही ते खेळवून सोडवा.

जुनी पॉइंट गार्ड

मी इंदूरचीच, रेसकोर्स रोडच्या कॉम्प्लेक्सवर वाढलेली. काकू, एक विचारते. ९ नंबर स्क्रीन लावते का? म्हणजे ७ ला मोकळं करायला तिच्या डिफेंडरच्या वाटेत उभी राहते का? आणि शॉट उडाला की चेंडूकडे धावते, की समोरच्या उंच मुलीला पाठीने अडवून धरते?

खडूफळांच्या हिशेबात प्रत्येकीचा वाटा सुटा आहे आणि पाच वाट्यांची बेरीज म्हणजे संघ. कोर्टवर तसं होत नाही. ७ च्या बास्केटमध्ये ९ चा खांदा असेल तर तो कुणाच्या रकान्यात लिहिणार? मी आठ वर्षं स्क्रीन लावल्या, एकही कुठे नोंदली गेली नाही. म्हणून हे वाचून राहवलं नाही.

एनबीएतल्या ह्यूस्टन रॉकेट्स संघाचा शेन बॅटिए आठवा. पॉइंट साधारण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) साधारण, पण तो असला की संघ बरा खेळायचा. तो रिबाउंड स्वतः घेण्यापेक्षा समोरच्याला अडवायचा, चेंडू सोबत्याच्या हातात पडायचा. कोबी ब्रायंटसारख्या बड्या स्कोअररला जिथून कमी जमतं तिथूनच शॉट घ्यायला लावायचा. पुढे मायामीकडून २०१२ आणि २०१३ अशी दोन अजिंक्यपदं त्याने जिंकली.

तेव्हा वहीत तीन रकाने वाढवा: स्क्रीन, अडवणं, चेंडूला लागलेला हात.

वहीवाली काकू

उत्तराला महिना लागला, कारण चार रविवार खेळवून आले. कोचसर तयार झाले, हे आधी सांगते.

दहा मुली, दहा चिठ्ठ्या, दर पाच मिनिटांनी नव्याने पाच-पाच. रविवारी आठ फेऱ्या, एकूण ३२. भाचीने सांगितलं की ७ आणि ९ एका बाजूला येण्याची शक्यता नवात चार. आल्या १५ फेऱ्यांत. उरलेल्या १७ फेऱ्यांत समोरासमोर. त्या १७ पैकी ९ ची बाजू ९ वेळा जिंकली, ६ वेळा हरली, दोनदा बरोबरी. आमची सगळ्यात मोठी स्कोअरर समोर असताना!

७ नंबरची बास्केटं: ९ सोबत असताना १५ फेऱ्यांत २३, समोर असताना १७ फेऱ्यांत १५. मी लगेच हरखले. मग लक्षात आलं की ९ समोर असते तेव्हा पुष्कळदा तीच ७ ला धरते, म्हणजे स्क्रीन नसणं आणि ९ चा डिफेन्स असणं एकात एक मिसळलंय. वही पुन्हा चाळली. ९ ने ७ ला धरलं त्या ८ फेऱ्यांत ५ बास्केटं. दुसऱ्या कुणी धरलं त्या ९ फेऱ्यांत १०. म्हणजे दर फेरीला साधारण ०.६, १.१ आणि सोबत असताना १.५. सोबतच्या २३ पैकी ११ बास्केटं ९ च्या स्क्रीनवरून आली. पॉइंट गार्ड ताई, तुमचा खांदा सापडला.

३२ फेऱ्या म्हणजे १६० मिनिटं. थोडी आहेत हे आता कळतं, म्हणून चिठ्ठ्या पावसाळ्याआधी थांबवणार नाही. पुढच्या निवडीला कुणी बेरीज मागितली तर पॉइंटांचा कागद एकटा जाणार नाही, त्याला हे पान टाचलेलं असेल.

खडूफळा, एक राहिलं. काही फेऱ्या पळापळीच्या होतात, काही रेंगाळतात. मिनिटांवर मोजणं बरोबर आहे का?

खडूफळा

नाही, पझेशनवर मोजा, म्हणजे चेंडू एका बाजूच्या ताब्यात किती वेळा आला त्यावर. बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांच्यापासून रूढ झालेला अंदाज असा: घेतलेले शॉट, अधिक टर्नओव्हर (शॉट न घेता गमावलेला चेंडू), वजा आपल्याच शॉटवर मिळवलेले रिबाउंड, अधिक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) गुणिले ०.४४. हा ०.४४ एनबीएच्या फ्री थ्रोंवरून आला आहे. तुमच्या चिठ्ठ्यांच्या खेळात फ्री थ्रो कितीसे होत असतील? शिवाय तुम्ही समोर बसलेल्या असता. चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे गेला की समासात एक रेघ मारा, अंदाज लागणारच नाही.

वहीवाली काकू

रेघा मारते. या रविवारी सहाला आहोत, ऊन चढायच्या आत.