एकाच नेच्याची तीन शास्त्रीय नावं: पाटीवर कुठलं लिहू?

मृद्गंधा: विद्यार्थ्यांच्या बागेसाठी पाट्या करतेय. एकच नेचं (फर्न) कुठे क्रिस्टेला डेन्टाटा, कुठे सायक्लोसोरस डेन्टॅटस, तर कुठे थेलिप्टेरिस डेन्टाटा. पाटीवर एकाच नावापुरती जागा आहे. हाताशी फक्त भिंग आहे, नवीन उपकरण किंवा विकतचे शोधनिबंध घेणार नाही.

रानवाट: सूक्ष्मदर्शक घ्याच. मी घेतल्यापासून बीजाणू बघितल्याशिवाय कुठल्याच नेच्याला नाव देत नाही.

जुनंपान: सगळ्यात जुनं नाव खरं. फोर्स्काल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेलं पॉलिपोडियम डेन्टॅटम, १७७५. विषय संपला.

सोरस: @जुनंपान, नाही संपला. अग्रक्रमामुळे जातीचं नाव, म्हणजे दुसरा शब्द, टिकलं, म्हणून तर 'डेन्टाटा' सगळीकडे आहे. पण प्रजाती (जीनस, म्हणजे नावाचा पहिला शब्द) केवढी धरायची, हे नामकरण संहिता ठरवत नाही. सेंट जॉननी १९३६ साली हे नेचं थेलिप्टेरिसमध्ये नेलं, चिंगनी १९३८ मध्ये सायक्लोसोरसमध्ये, ब्राउन्सी आणि जर्मींनी १९७३ मध्ये क्रिस्टेलात. तिन्ही नावं फोर्स्कालच्याच नावावर उभी आहेत, तिन्ही नियमात बसतात. पीपीजी या नेचे-अभ्यासकांच्या गटाच्या २०१६ च्या वर्गीकरणात क्रिस्टेला वेगळी प्रजाती आहे. तेच लिहा.

जुनंपान: म्हणजे उद्या पुन्हा बदलणार! माझ्या पाट्या दोनदा बदलून झाल्यात. थेलिप्टेरिस लिहा, सगळे ओळखतात.

हिरवाई: क्रिस्टेलाला +१. अॅलन स्मिथ यांनी १९९३ मध्ये उत्तर अमेरिकेच्या फ्लोरात (तिथल्या वनस्पतींच्या ग्रंथात) हे नेचं थेलिप्टेरिसमध्येच ठेवलं होतं. त्यांनीच फॉसेट यांच्यासोबत २०२१ मध्ये या कुळाच्या ३७ प्रजाती मांडल्या. डीएनएचा पुरावा आल्यावर मत बदलणं हेच तर शास्त्र.

शिंगाडनेचं: अवांतर, पण शिंगाड नेच्यांपैकी प्लॅटिसेरियम विलिंकाय ही वेगळी जाती की बायफर्कॅटमचाच प्रकार? माझ्याकडचं भिंतभर पसरलंय, दोन्ही बाजूंचे लोक येऊन वाद घालून जातात.

रानवाट: वेगळी. पण बीजाणू बघा.

आडवाट: ताई, नावाआधी झाड तपासा, भिंग पुरेल. डेन्टाटाच्या तळाच्या पर्णिका खालच्या दिशेने आखूड होत जातात. त्याच्याशी गल्लत होणाऱ्या पॅरासिटिका या जातीत त्या फारशा आखूड होत नाहीत आणि पानामागे शिरांवर नारिंगी ग्रंथी दिसतात. या दोघांची गल्लत झाली, तर तिन्ही नावं चुकीची.

सोरस: हेच म्हणणार होतो. आणि क्रिस्टेलाच लिहा.

मृद्गंधा: आडवाट, खूप आभार. आत्ताच बघून आले. तळाच्या पर्णिका आखूड आहेत, ग्रंथी नाहीत, म्हणजे डेन्टाटाच. पाटीवर मात्र सायक्लोसोरस डेन्टॅटस लिहितेय. आमची मुलं चीनच्या फ्लोराची किल्ली (लक्षणांवरून झाड ओळखायची यादी) वापरतात, तिथे हेच नाव सापडतं. मागच्या बाजूला फोर्स्कालचं नाव आणि १७७५ टाकते, म्हणजे कुठलाही ग्रंथ उघडला तरी माग काढता येईल.

हिरवाई: क्रिस्टेला हवं होतं हो.