उत्तरेच्या टोकाकडचे तुमचे अनुभव सांगा

बर्फाळ_बाई: काल लेकीनं दोडक्याला नाक मुरडलं आणि एकदम पांगनिर्तुंग आठवलं. कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या नुनावुत प्रदेशातलं गाव. तीन महिने तिथल्या शाळेत बदली शिक्षिका होते. पहिल्या दिवशी विचारलं, "समजलं का?" हूं नाही की चूं नाही, सगळे नुसते भुवया उंचावून बघतायत. मला वाटलं, ही कोण बया आली म्हणून बघत असतील! एकच गणित पाच वेळा सोडवलं फळ्यावर. शेवटी मदतनीस आजी हसत म्हणाल्या, अगं, भुवया वर म्हणजे 'हो'. नाक मुरडलं की 'नाही'.
कोण कोण गेलंय तिकडे? लिहा.

लातूरकर: टँकर!! नुनावुतमधल्याच पाँड इनलेटला आठवडाभर कामाला गेलतो. जमीन बारमाही गोठलेली, पाइप पुरायची सोय नाही. घरोघर टाकी, पाणी टँकरनं. सांडपाणी न्यायला दुसरा टँकर. आम्ही 2016ला रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं, आम्हाला काय नवल! वादळात दोन दिवस टँकर आला नाही, तर घरमालकीण मी टॉवेल घेऊन निघालो की टाकीकडं बघायची.

पोळपाट: भाज्या काय मिळायच्या गं?

बर्फाळ_बाई: विमानानं येतील त्या. रस्ताच नाही ना कुठून. जहाज फक्त उन्हाळ्यात. कोबी घ्यायचा तर आधी किंमत बघून दोनदा श्वास घ्यायचा. शेजारीण 'आर्क्टिक चार' नावाचा मासा द्यायची, त्याचं आंबट कालवण करायचे. चिंच घरून नेलेली.

गोठलेला_गणू: मी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, नी-ओलसुंडला, आपल्या 'हिमाद्री'वर. 2008पासूनचं भारताचं संशोधन केंद्र, जवळजवळ 79 अंश उत्तर. तिथं वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवायचं, रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो म्हणून. बायकोला अजून पटलेलं नाही. दारांना कुलूप नाही, अस्वल दिसलं तर कुठल्याही घरात घुसता यावं म्हणून. आईला एवढंच आवडलं की चपला दारातच काढतात.

चपला नाही, बूट. मोबाइलवर लिहितोय, बस आली.

लातूरकर: एक राहिलं. पाँड इनलेटहून तिथल्या मूळ रहिवाशांची, इनुइटांची, काही कुटुंबं 1953ला सरकारनं आणखी उत्तरेला, ग्रीस फिओर्डला हलवली. दक्षिणेकडच्या क्वेबेकहून तिथं नेलेल्या इनुइटांना तिथली शिकार शिकवायला म्हणे. माफी आली 2010ला. घरमालकीण हे भांडी विसळता विसळता सांगत होती.

कोयनाकाठ: आमचंही गाव धरणात गेलं. आजी शेवटपर्यंत जुन्या गावाचंच नाव सांगायची.

बर्फाळ_बाई: 🙏

पोळपाट: बाई, दोडक्याच्या शिरांची चटणी करून बघ, लेक खाईल. तीळ, खोबरं, लसूण, हिरवी मिरची. शिरा कुरकुरीत परतायच्या, घाई करायची नाही.

लातूरकर: तीळ आधी भाजायचे का?

पोळपाट: (भुवया वर)