बाबांसाठी ओमेगा अंडी, ए२ तूप की आणि काही? (महिना हजारात बसणारं सांगा)

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे. बेळगावच्या वडगावात मागावर जन्म गेला, आता घरीच असतात. परवाच्या रिपोर्टात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५२ आलंय, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी चालू केली, "खाणं सांभाळा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आता दुकानात गेलं की हृदयासाठी म्हणून ओमेगा-३ अंडी, ए२ तूप (देशी गाईचं म्हणून विकतात ते), प्रोबायोटिक दही, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, सगळंच मांडून ठेवलेलं. महिना हजाराच्या वर जमणार नाही. आई माळकरी, त्यामुळं अंडं-मासळी चुलीपाशी येत नाही. मागच्या पडवीत वेगळी शेगडी आहे, तिथं मी करून घालते. ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

टिळकवाडीचा_भाऊ
ए२ तूप. डोळे झाकून. आमच्या घरात दुसरं येतच नाही. किलोला अडीच हजाराच्या आसपास पडतं, पण ताई, तब्येतीपुढं पैशाचं काय घेऊन बसलाय?

शहापूरची_लेक
दादा, वर हजार लिहिलंय.

टिळकवाडीचा_भाऊ
मग अर्धा किलो घ्या की.

अथणीचा_पाटील
विकत कशाला घेताय म्हणतो मी. दारात खिलार बांधा. दूध कमी देते, पण देते ते अमृत. आमचे आजोबा वाटीनं तूप प्यायचे, नव्वदीपर्यंत ठणठणीत.

निपाणीची_वहिनी
भावजी, तुमचे आजोबा त्या तुपावर दिवसभर औत हाकत होते. ताईंचे बाबा आता मागावरसुद्धा बसत नाहीत. आणि शहापूरच्या बोळात गाय बांधायची कुठं, जिन्याखाली?

कॅम्पातला_बाबू
मासे खायला घाला, बाकी सगळा धंदा आहे. बांगडा नाहीतर तारली. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक पाहिजे. डोळा फुगीर पाहिजे. डोळा आत गेलेला असला तर फुकट दिला तरी घेऊ नका. बोटानं दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे. आणि रवा लावून तेलात सोडायचा नाही, आमसूल घालून तिखलं करायचं. आठवड्यातनं दोनदा. गोव्याची गाडी चोर्ला घाटानं पहाटे येते, सकाळीच जावा.

खानापूरकर
पहाटे?? पावसाळ्यात चोर्ल्याला एक ट्रक आडवा पडला की तुमचा बांगडा दुपारी पोचतो, तोपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं.

कॅम्पातला_बाबू
मग तुम्ही अनमोडावरनं येणारा घ्या. त्या रस्त्यावर तर फुलंच पसरलीत.

सध्या_जर्मनीत
मूळचा अनगोळचा. इकडे स्टेरॉल (वनस्पतीतला, कोलेस्टेरॉल अंगात शोषू न देणारा घटक) घातलेलं मार्गरीन कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. दिवसाला २ ग्रॅम स्टेरॉल पोटात गेलं तर एलडीएल ८ ते १० टक्के उतरतं. इकडे लेबलवर सगळं स्पष्ट लिहितात, तिकडच्यासारखं नाही.

निपाणीची_वहिनी
पार्सल पाठवताय की नुसतं सांगताय?

हिंडलग्याची_मावशी
बाळ, गोळी एकदा चालू झाली की जन्मभर सुटत नाही. बंद कर ती. गावठी अंडी घे आणि सकाळी लसूण.

औषधवाला_अण्णा
मावशी, राग मानू नका, पण गोळी बंद करायला सांगू नका. १५२ एलडीएल खाली आणायला गोळीच मुख्य, खाणं तिच्या जोडीला. पाय दुखतात, अंग दुखतं वाटलं तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची, मनानं सोडायची नाही.
कॅप्सूलचं सांगतो, काऊंटरवर रोज विकतोय. डबीवर पुढं मोठ्या अक्षरात १००० लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. डबी फिरवून मागं बघा. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिलिग्रॅम. ट्रायग्लिसराइड उतरवायला दिवसाला २ ते ४ ग्रॅम लागतं. करा हिशोब, किती गिळणार? आणि एवढा डोस मनानं घ्यायचाच नाही, काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. ते डॉक्टरचं काम.

टिळकवाडीचा_भाऊ
मी घेतल्यात कॅप्सूल. ऑफिसात ढेकर आला की शेजारचा खिडकी उघडायचा. म्हणून तर तुपावर आलो.

उचगावचा_पोल्ट्रीवाला
अंड्याचं आमच्याकडनं ऐका. ओमेगा अंडं म्हणजे कोंबडीच्या खाद्यात जवस घातलेलं असतं, काहीजण माशाचं तेल नाहीतर शेवाळ घालतात. जवसातलं ओमेगा आपल्या अंगात कामाच्या रूपात फारच थोडं बदलतं, कोंबडी ते आपल्यापेक्षा बरं करते आणि बलकात साठवते. तेवढं खरं आहे. पण बलकातलं कोलेस्टेरॉल तेवढंच राहतं, एका अंड्यात साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास. आणि ओमेगानं एलडीएल उतरत नाही, तो मुद्दाच वेगळा.
दुसरं, बलक केशरी दिसला म्हणून जास्त पैसे देऊ नका. तो रंग मक्याचा नाहीतर झेंडूच्या पाकळ्यांचा. गिऱ्हाईक रंगाला भुलतं, आम्हीही घालतो.

कॅम्पातला_बाबू
म्हणजे मासेच. मी आधीच सांगितलं होतं.

हुक्केरीची_दूधवाली
एवढा धागा झाला, घरात दूध कसलं येतं ते कुणी विचारलंच नाही. ताई, गवळी म्हशीचं घालतो ना? मी रोज डेअरीत दूध घालते, फॅट बघूनच पैसे मिळतात. म्हशीचं ६-७ टक्के लागतं. पाकिटातलं टोन्ड ३, डबल टोन्ड दीड. घरात बाबांच्या वाट्याला चहा-दह्यातनं दिवसाला अर्धा लिटर जात असेल तर म्हशीच्या दुधातनं तीसेक ग्रॅम फॅट पोटात जातं, टोन्डमधनं पंधरा. यात निम्म्याहून जास्त ते जड (सॅच्युरेटेड), एलडीएल वाढवणारं. वर साय वेगळी. दूध बदललं तर पैसे वाचतील, खर्च व्हायचा राहिला बाजूला.
आणि ए२ चं: ए१-ए२ हा दुधातल्या एका प्रथिनाचा फरक. तुपात प्रथिन राहतंच कुठं? लोणी कढवून बेरी गाळली की उरते ती निव्वळ चरबी. मग ए२ तूप म्हणजे काय? २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयनं (सरकारचं अन्नसुरक्षा खातं) असं लेबल लावू नका म्हणून सांगितलं होतं आणि आठवडाही झाला नाही तोवर मागं घेतलं. तूप खायचं तर चमचाभर खावा, पण औषध म्हणून अडीच हजार मोजू नका.

टिळकवाडीचा_भाऊ
मागं घेतलं म्हणजे ए२ बरोबरच होतं ना?

हुक्केरीची_दूधवाली
भाऊ, तुपाची चूक नाही, तुम्ही अडीच हजार मोजलेत म्हणून दुखतंय.

अथणीचा_पाटील
टोन्ड दुधाचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. त्यापेक्षा काळा प्यावा. आणि मग उद्या म्हणाल कुंदा पण सोडा.

औषधवाला_अण्णा
कुंदा सोडाच पाटील, निदान रिपोर्ट खाली येईपर्यंत. दूध आटवून आटवून साखरेत केलेला तो. ट्रायग्लिसराइडला साखर पण नडते.

अथणीचा_पाटील
या धाग्यावरनं मी उठतो.

शहापूरची_लेक
सगळ्यांचे आभार. दूधवाली ताईंचं पटलं, म्हणून दोन दिवस टोन्ड आणलं. बाबांनी पहिल्या घोटातच ओळखलं आणि कप तसाच ठेवून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आईनं पण तोंड वाकडं केलं, सायीशिवाय तिचं लोणी कुठनं निघणार? बांगडा आणला तर काट्यांना घाबरून बाबांनी अर्धा ठेवला. श्रावणात तर विचारायलाच नको.
मग त्यांच्याशीच बोलले. सौदा असा झालाय: भाकरीवर रोजची साय बंद, लोण्याचा गोळा बंद, कुंदा फक्त सणाला. बदल्यात आठवड्यातनं तीन दिवस एक अंडं, आणि ते ओमेगावालंच हवं म्हणे, शेजारच्या मास्तरांकडं येतं म्हणून. जास्त पैसे जातात हे कळतंय, पोल्ट्रीवाल्या दादांनी समजावलं ते पण कळलं. तरी आणतेय. दूध म्हशीचंच राहील, फक्त चहा दोन कपांवर आणलाय. गोळी चालू आहे. तीन महिन्यांनी परत रक्त तपासायला सांगितलंय.

उचगावचा_पोल्ट्रीवाला
घ्या, पण पाकिटावरची तारीख बघून घ्या आणि फ्रिजमध्येच ठेवा. जवस खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याला कधी कधी वास येतो, पहिल्यांदा खाताना बाबांना सांगू नका.

हुक्केरीची_दूधवाली
साय बंद झाली ना, मग अर्धं काम झालं. निघालेली साय आईंना कढवू दे, तूप विकत आणायला नको.

हिंडलग्याची_मावशी
गावठी अंडी घे म्हटलं होतं मी.

खानापूरकर
चोर्ल्याचा रस्ता आज चालू आहे का कुणाला माहीत आहे? पणजीला जायचंय.